ओठ बधिर, दाढ जागी: खालच्या ब्लॉकचे एक प्रकरण

वरच्या जबड्याचे हाड पातळ आणि सच्छिद्र असते, त्यामुळे दाताच्या मुळाजवळ भुलीचे औषध सोडले की ते आपोआप आत झिरपते. खालच्या दाढांपाशी बाहेरचे हाड जाड आणि घट्ट असते. तिथे नस हाडात शिरण्याआधीच गाठावी लागते आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह ब्लॉक, ज्याला ओपीडीत सगळे नुसते ‘ब्लॉक’ म्हणतात, नव्या डॉक्टरला सर्वांत जास्त अडवतो. खालचे प्रकरण शिकवण्यासाठी रचले आहे, पण त्यातली एकही चूक काल्पनिक नाही. शिकाऊ डॉक्टर जिथे काम करतात तिथे या सगळ्या चुका दिसतात.

रुग्ण आणि दात

३२ वर्षांची स्त्री, वजन ५२ किलो, दुसरा कोणताही आजार नाही, कशाची ॲलर्जी नाही, रक्तदाब नेहमीचा. डावीकडची खालची पहिली दाढ, म्हणजे ३६, खोल किडलेली. दोन रात्री झोप नाही. थंड पाणी लागले की कळ येते आणि पाणी गिळून झाल्यावरही अर्धा मिनिट टिकते. ठोकल्यावर फारसे दुखत नाही, एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी बदल नाही. निदान लक्षणांसह इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ भागाची (पल्पची) बरी न होणारी सूज, उपचार आरसीटी, म्हणजे रूट कॅनॉल. त्या दिवशीचे काम ठरले ते पल्प काढून वेदना थांबवण्याचे.

खुर्चीपाशी इंटर्न एकटा होता. त्याला शिकवणाऱ्या मॅडम दोन खुर्च्या पलीकडे दुसऱ्या विद्यार्थ्याची कॅव्हिटी तपासत होत्या. इंटर्नने याआधी सात-आठ ब्लॉक दिले होते, जवळजवळ सगळे उजव्या बाजूला आणि दात काढण्यासाठी.

पहिला प्रयत्न

ट्रेमध्ये आखूड सुई लावलेली सिरिंज तयार होती, तीच त्याने उचलली. भुलीचे औषध २ टक्के लिग्नोकेन, त्यात १:८०,००० ॲड्रिनलिन, १.८ मिलीची कार्ट्रिज. रुग्ण अर्धवट बसलेली, तोंड दोन बोटांइतकेच उघडलेले. इंटर्न आठ वाजताच्या जागेवर उभा, म्हणजे रुग्णाच्या उजव्या हाताशी, तिच्याकडे तोंड करून. सुई चावण्याच्या पातळीलगतच आत गेली. सिरिंजची नळी, म्हणजे बॅरल, उजवीकडच्या दाढांवर टेकलेली होती. साधारण १० मिलिमीटरवर हाड लागले. ‘हाड लागले पाहिजे’ हे त्याला पाठ होते, म्हणून तो समाधानाने थांबला. ॲस्पिरेट केले नाही, म्हणजे दट्ट्या मागे ओढून सुई रक्तवाहिनीत नाही ना हे पाहिले नाही. पंधरा-वीस सेकंदांत सगळी कार्ट्रिज रिकामी केली.

पाच मिनिटांनी त्याने विचारले, “ताई, बधिर झालं ना?” ती म्हणाली, “हो, जीभ थोडी जड झालीय.” त्याने दात कोरणारा एअरोटर सुरू केला. त्याचे टोक (बर) इनॅमलखालच्या डेंटिनमध्ये शिरताच तिने डावा हात वर केला. इंटर्न “झालंच, झालंच” म्हणत आणखी तीन-चार सेकंद चालू राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आले तेव्हा थांबला.

इथे भूल न बसण्यापेक्षा मोठी चूक आहे ती शेवटच्या तीन-चार सेकंदांची. हात वर करण्याची खूण ठरवायची आणि मग ती मानायची नाही, यापेक्षा खूण न ठरवलेली परवडली. त्यानंतर पुढच्या प्रत्येक स्पर्शाला रुग्ण कळ येणारच असे धरून चालते आणि घाबरलेल्या माणसावर भुलीचा असर कमीच होतो.

आता सुईकडे. ही एक चूक नाही, चारपाच एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

उंची: सुई शिरण्याची जागा खालच्या दाढांच्या चावण्याच्या पातळीपासून ६ ते १० मिलिमीटर वर हवी. ती खाली गेली तर औषध लिंग्युलाच्या, म्हणजे नस हाडात शिरते तिथल्या हाडाच्या उंचवट्याच्या, खाली पडते. तिथे नस आधीच हाडात शिरलेली असते आणि वाटेत लिगामेंटही आडवे असते. ब्लॉक फसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. तोंड पूर्ण उघडलेले नसेल तर ही उंची मोजताच येत नाही, कारण रॅफे, म्हणजे दाढांमागची वर-खाली जाणारी घडी, ताणला जात नाही आणि गाल मध्ये येतो.

दिशा: बॅरल विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवर (सुळा आणि दाढा यांमधल्या दातांवर) हवी. ती मागे दाढांवर गेली की सुईचे टोक बाहेरच्या बाजूला वळते आणि रेमसच्या, म्हणजे जबड्याच्या मागच्या उभ्या हाडाच्या, पुढच्या भागावर लवकर आदळते. १० मिलिमीटरवर लागलेले हाड म्हणजे चुकीच्या जागेचे हाड. मोठ्या माणसात ते २० ते २५ मिलिमीटरवर लागायला हवे. ‘हाड लागले पाहिजे’ हे वाक्य शिकवताना खोलीचा आकडा गळतो आणि विद्यार्थी अर्धेच वाक्य आयुष्यभर वापरतो.

सुई: आखूड सुईची लांबी सुमारे २० मिलिमीटर. योग्य ठिकाणी जायचे म्हटले तर ती हबपर्यंत, म्हणजे बुडापर्यंत, पूर्ण आत घालावी लागेल आणि सुई मोडते ती हबपाशीच. पूर्ण आत गेलेली सुई मोडली तर तिचे टोक पकडायलाही उरत नाही. ब्लॉकसाठी लांब सुई, सुमारे ३२ मिलिमीटरची, २५ किंवा २७ गेजची. ट्रेमध्ये काय लावून ठेवले आहे यावर सुई ठरवायची नसते.

उभे राहण्याची जागा: उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजव्या ब्लॉकसाठी आठ वाजताची जागा सोयीची आणि डाव्या ब्लॉकसाठी दहा वाजताची. इंटर्नने उजवीकडची सवय डावीकडे आणली. मनगट अवघडले, बॅरल नक्की कशावर टेकली आहे ते दिसेना.

आणि प्रश्न विचारण्याची पद्धत. “बधिर झालं ना?” याला घाबरलेला रुग्ण होच म्हणतो. जीभ जड होणे म्हणजे लिंग्वल नस बधिर होणे. ती नस अल्व्हिओलर नसेच्या पुढे आणि आतल्या बाजूला असते, त्यामुळे उथळ पडलेल्या किंवा वाटेत सुटलेल्या औषधानेही बधिर होते. जीभ बधिर आणि ओठ नाही, हे ब्लॉक खाली किंवा उथळ गेल्याचे लक्षण आहे. इंटर्नने तेच यश समजले.

मॅडम येतात तेव्हा

मॅडमनी आल्या आल्या सुई मागितली नाही. खुर्ची उठवली, तिला चूळ भरायला दिली आणि सांगितले, “भूल पूर्ण बसलेली नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. आता आम्ही पुन्हा देऊ, तपासू, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय मशीन लावणार नाही.” इंटर्नला त्यांनी रुग्णासमोर एक शब्दही सुनावला नाही. रुग्णाचा डॉक्टरवरचा विश्वास अजून एक तास लागणार होता.

मग तीन प्रश्न. किती औषध गेले? वजन किती? रक्त आले होते का? तिसऱ्याला इंटर्नकडे उत्तर नव्हते, कारण त्याने पाहिलेच नव्हते.

दुसरा प्रयत्न

सिरिंज इंटर्नच्याच हातात राहिली, हे महत्त्वाचे. मॅडमनी स्वतः ब्लॉक देऊन टाकला असता तर रुग्णाची पाच मिनिटे वाचली असती आणि इंटर्न पुढच्या डाव्या दाढेला पुन्हा तिथेच अडला असता. पण मर्यादाही त्यांनी तिथेच सांगितली: ही सुई फसली तर पुढची मॅडम देतील. विद्यार्थ्याला एकाच रुग्णावर तिसरी संधी देऊ नये.

खुर्ची आडवी केली. तोंड पूर्ण उघडले. नवी लांब सुई. पहिली तशीही टाकूनच द्यायची होती, कारण हाडावर आपटलेल्या सुईचे टोक आकड्यासारखे वळते आणि बाहेर येताना मांस फाडते.

दहा वाजताच्या जागेवरून डाव्या हाताचे बोट दाढांमागे नेऊन रेमसच्या पुढच्या कडेवरची सर्वांत खोल खाच चाचपली, ती कोरोनॉइड नॉच. बोट तिथेच ठेवून गाल बाहेर ताणला. नॉचपासून रॅफेपर्यंतच्या अंतराचे चार भाग कल्पिले तर तीन भाग ओलांडून, रॅफेच्या किंचित बाहेर सुईची जागा. बॅरल उजवीकडच्या प्रीमोलरवर, चावण्याच्या पातळीला समांतर.

या वेळी १५ मिलिमीटरच्या आसपास पुन्हा हाड लागले. इंटर्न दचकला आणि सुई बाहेर काढायला लागला. मॅडम म्हणाल्या, “बाहेर नको. थोडी मागे घे, बॅरल पुढे आण, सुळ्यावर.” सुई आतच ठेवून जरा मागे घेतली, बॅरल प्रीमोलरवरून सुळ्याकडे आणली, सुई अजून आत नेली आणि मग बॅरल पुन्हा प्रीमोलरवर वळवली. सुमारे २२ मिलिमीटरवर हाड लागले. उलट परिस्थिती असती, म्हणजे २५ मिलिमीटरनंतरही हाड लागलेच नसते, तर सुई मागे घेऊन बॅरल दाढांच्या दिशेने न्यायची. हाड न लागता औषध सोडायचे नाही. टोक मागे पॅरोटिड ग्रंथीत गेलेले असू शकते आणि मग अर्धा चेहरा काही तास लुळा पडतो. तो परत येतो, पण तोपर्यंत रुग्णाची आणि डॉक्टरची जी अवस्था होते ती टाळण्यासारखी आहे.

सुई १ मिलिमीटर मागे घेऊन ॲस्पिरेट केले. कार्ट्रिजमध्ये रक्ताचा बारीक धागा दिसला. या ब्लॉकमध्ये दहा-पंधरा टक्के वेळा असे होते, ती चूक नाही. सुई किंचित मागे घेतली, पुन्हा ॲस्पिरेट केले, स्वच्छ आले. रक्ताने कार्ट्रिज गढूळ झाली असती तर ती बदलावी लागली असती, नाहीतर दुसऱ्यांदा रक्त आले की नाही ते ओळखताच येत नाही. मग १.५ मिली, घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट. उरलेले सुई बाहेर काढताना निम्म्या वाटेवर, लिंग्वल नसेसाठी. नव्या कार्ट्रिजमधून ०.३ मिली लाँग बकलसाठी (दाढांबाहेरच्या हिरडीची नस), शेवटच्या दाढेच्या मागे-बाहेर. ते विसरले की रबर डॅमचा (दात वेगळा ठेवणाऱ्या रबरी पडद्याचा) क्लॅम्प बसवताना रुग्ण ओरडतो आणि विद्यार्थ्याला वाटते ब्लॉकच गेला.

सुई एका हाताने टोपणात घेतली. या गोंधळाच्या क्षणी दुसऱ्या हाताने टोपण धरण्याची सवय बळावते आणि सुई टोचून घेण्याचे प्रसंग अशाच वेळी येतात.

ओठ बधिर झाला, तरीही

सहा मिनिटांनी खालचा डावा ओठ मध्यरेषेपर्यंत पूर्ण बधिर. या वेळी प्रश्न होता, “दोन्ही बाजूंच्या ओठांत काय फरक वाटतो?” आणि टोकदार एक्स्प्लोररने न सांगता टोचूनही पाहिले. इंटर्न एअरोटरकडे वळला. मॅडमनी त्याला कापसाच्या बोळ्यावर थंड स्प्रे मारून ३६ वर ठेवायला सांगितले. तिला कळ आली. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले, तरी आली.

इंटर्न म्हणाला, “मॅडम, अजून एक ब्लॉक देऊ?”

या प्रकरणाचा गाभा हा प्रश्न आहे. पहिल्या प्रयत्नात ओठ बधिर नव्हता, तेव्हा ब्लॉक पुन्हा देणे बरोबर होते. आता ओठ पूर्ण बधिर आहे. औषध नसेपर्यंत पोहोचले आहे. त्याच जागी आणखी औषध सोडून उपयोग नाही, फक्त मेडिअल टेरिगॉइड स्नायूला आणखी एक भोक पडेल. विद्यार्थी दोन्हींना ‘ब्लॉक फेल’ म्हणतो, पण पहिले अपयश सुईचे होते आणि दुसरे दाढेचे आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

सूज असलेल्या ठिकाणी आम्लता वाढते आणि औषधाचा नसेत शिरू शकणारा भाग कमी होतो, हे कारण परीक्षेत सगळे लिहितात. ते दाताजवळ दिलेल्या इन्फिल्ट्रेशनला लागू पडते. ब्लॉकचे औषध तर दाढेपासून कितीतरी मागे, निरोगी भागात पडते. तिथे आम्लता नाही. मग दाढ का दुखते? कारण सूज आलेल्या पल्पमधली नसच बदललेली असते. ती लहानशा स्पर्शाने पेटते आणि लिग्नोकेनला सहज दाद न देणारे सोडियम चॅनल तिच्यात वाढलेले असतात. त्यात दोन रात्रींची झोपमोड आणि भीती. हे कारण समजले की चौथी कार्ट्रिज भरायला हात जात नाही.

मॅडमनी ३६ च्या बाहेरच्या बाजूला, मुळांच्या पातळीला, ४ टक्के आर्टिकेन, १:१,००,००० ॲड्रिनलिन, १.८ मिली इन्फिल्ट्रेशन द्यायला लावले. आर्टिकेन हाडातून लिग्नोकेनपेक्षा बरे झिरपते. ब्लॉकसाठी मात्र लिग्नोकेनच ठेवणारे शिक्षक बरेच आहेत, कारण ४ टक्के औषधाने ब्लॉक दिल्यावर जिभेची बधिरता लांबल्याच्या नोंदी आहेत. सावधपणा म्हणून ते योग्य वाटते.

दहा मिनिटांनी थंड स्प्रेला काही नाही. रबर डॅम लावला, किड काढली, डेंटिनमध्ये शांत. पल्प चेंबरचे छत उघडण्याच्या बेतात असताना तिने हात वर केला आणि या वेळी एअरोटर त्याच क्षणी थांबला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण इथे पहिल्यांदा उतरला, दुखत असूनही.

मग इंट्रालिगामेंटरी. सुई मुळाच्या आणि हाडाच्या फटीत घट्ट बसवून पुढच्या मुळाशी ०.२ मिली आणि मागच्या मुळाशी ०.२ मिली, प्रत्येकी वीस सेकंद. दट्ट्याला जोर लागला पाहिजे आणि हिरडी पांढरी पडली पाहिजे. औषध सहज गेले तर ते तोंडात सांडते आहे असे समजावे. असर लगेच, पण टिकतो पंधरा-वीस मिनिटे, म्हणून आधी चेंबरमधला पल्प काढून टाकायचा, मुळातल्या कॅनॉलची लांबी मोजणे नंतर. छाती धडधडली तर घाबरू नका, मिनिटभरात थांबेल, हेही तिला आधी सांगितले होते, कारण या वाटेने ॲड्रिनलिन रक्तात पटकन जाते. पल्पमध्ये थेट सोडायची सुई तयार होती, तिची गरज पडली नाही.

औषधाचा हिशेब

लिग्नोकेन एकूण १.८ + १.८ + ०.३ + ०.४ = ४.३ मिली. २ टक्के म्हणजे मिलीला २० मिलिग्रॅम, म्हणून ८६ मिलिग्रॅम. आर्टिकेन १.८ मिली, मिलीला ४० मिलिग्रॅम, म्हणून ७२. किलोला ७ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली तर ५२ किलोला प्रत्येकाचे ३६४ मिलिग्रॅम. पण दोन औषधांच्या मर्यादा वेगवेगळ्या नसतात, त्यांची बेरीज करायची: २४ टक्के आणि २० टक्के, मिळून ४४. लिग्नोकेनसाठी किलोला ४.४ ही जुनी, कडक मर्यादा धरली तरी बेरीज ६० टक्क्यांच्या आत राहते. म्हणजे या बाजूने धोका नव्हता.

ॲड्रिनलिनचा हिशेब विद्यार्थी करतच नाहीत. १:८०,००० म्हणजे मिलीला १२.५ मायक्रोग्रॅम, ४.३ मिलीचे सुमारे ५४. आर्टिकेनमधले १८. एकूण ७२. निरोगी माणसाला २०० पर्यंत चालते. हीच बाई हृदयविकाराची रुग्ण असती तर मर्यादा ४० मायक्रोग्रॅम, आणि ती ३.२ मिलीतच, म्हणजे दुसरा ब्लॉक पुरा होण्याआधीच ओलांडली गेली असती. त्या रुग्णावर पहिल्या सुईचा निष्काळजीपणा अजिबात परवडला नसता.

घरी जाताना सूचना: ओठ तीन ते पाच तास बधिर राहील, तोवर खाणे नको, ओठ चावून जखम होते. दोनदा सुई गेल्याने तोंड उघडताना आवळेल. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा आणि तोंड हळूहळू उघडण्याचा व्यायाम. दुसऱ्या दिवशी फोन इंटर्ननेच केला. पुढच्या भेटीला पुढच्या दातांमधली फट मोजली, ३८ मिलिमीटर, काळजीचे काही नव्हते. तिला पहिल्या भेटीच्या तासभर आधी आयबुप्रोफेन दिले असते, अर्थात ते चालत असेल तर, तर ब्लॉक बसण्याची शक्यता थोडी वाढली असती. दुखऱ्या खालच्या दाढेसाठी ही गोष्ट अपॉइंटमेंट देतानाच ठरवावी.

त्यानंतरचा सराव

इंटर्नला ‘अजून ब्लॉक दे’ असे सांगून भागले नसते. जो दहा वेळा चुकीच्या जागी सुई घालतो त्याचा चुकीचा हात पक्का होतो.

सुरुवात कोरड्या जबड्याच्या हाडांपासून झाली. पाच हाडांवर रेमसच्या पुढच्या कडेपासून लिंग्युलापर्यंतचे अंतर आणि चावण्याच्या पातळीपासूनची उंची पट्टीने मोजून लिहायची. पाचही आकडे वेगळे येतात, आणि आपण एका ठिपक्याला नाही तर एका पट्ट्याला नेम धरतो हे हाताला कळते. मग सहकाऱ्याच्या तोंडात, त्याच्या संमतीने, सुईशिवाय फक्त बोट: नॉच, रॅफे, दोन्ही बाजूंना, आठ आणि दहा वाजताच्या जागांवरून. फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर, हे होत नाही, कारण त्याला ना जीभ असते ना ताणला जाणारा गाल. तिसरा सराव सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी: कार्ट्रिज वाटीत रिकामी करायची आणि घड्याळ लावायचे. १.८ मिलीला एक मिनिट किती लांब असते ते पहिल्या वेळी कोणालाच पटत नाही.

त्यानंतर प्रत्येक ब्लॉकला वहीत एक ओळ. बाजू, बॅरल कुठे होती, हाड किती मिलिमीटरवर लागले, ॲस्पिरेशन, किती सेकंद, पाच मिनिटांनी ओठ, दहा मिनिटांनी दाढ. शेवटचे दोन रकाने वेगळेच ठेवायचे. ‘यशस्वी’ असा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही.

दुसऱ्या भेटीला त्याच बाईंना इंटर्नने पुन्हा ब्लॉक दिला. दहा वाजताची जागा, हाड २३ मिलिमीटरवर, ॲस्पिरेशन स्वच्छ, ६० सेकंद, चार मिनिटांत ओठ बधिर. दाढेच्या रकान्यापाशी तो थांबला, कारण पल्प काढलेल्या दाढेवर थंड स्प्रे काहीच सांगत नाही. मॅडमनी तिथे ‘लागू नाही, कॅनॉलची फाइल मुळाच्या टोकापर्यंत वेदनारहित’ असे लिहायला सांगितले.